पत्त्यांच्या डावात काका

मोठे काका नाही म्हणाले की आमच्या घरात विषय संपायचा. बारावीनंतर मला औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. काकांनी आडतीच्या गादीवरूनच बाबांना सुनावलं, "पोरीला बोर्ड रंगवायला लावतो का?" बाबा धाकटे, त्यांनी मान खाली घातली. त्याच आठवड्यात काकांनी घरात केबल घेतली. टीव्हीत परदेशी बायका नाचलेल्या चालत होत्या, घरची पोरगी औरंगाबादला गेलेली चालत नव्हती. मी काकांवर दात धरला.

शाळेतले चित्रकलेचे सर मला रविवारी तेलरंग शिकवायचे. त्यांनी जुन्या मासिकातलं एक पान दिलं. टेबलाशी पत्ते खेळत बसलेली दोन परदेशी माणसं, मध्ये बाटली. हेच उतरव म्हणाले. गालात गुलाबी शोधू नको, निळा शोध, हिरवा शोध, असं सारखं सांगायचे. मला ते पटेना, आणि माझी माणसं मडक्यांसारखी दिसायची. तेलरंग लवकर वाळत नाही आणि परळीत थर्मल वीजकेंद्राची राख पडायची थांबत नाही, म्हणून मी चित्र मच्छरदाणीत ठेवायचे. आई म्हणायची, माणसांना डास खातात आणि चित्र मच्छरदाणीत.

कोट जमले, हात जमले. एकाचा चेहरा काही केल्या जमेना. मग डोक्यात आलं, त्याच्या जागी काकाच का बसू नयेत? काका रोज संध्याकाळी वैजनाथाच्या दर्शनाला म्हणून निघायचे आणि गोदामाच्या मागच्या खोलीत पत्ते कुटायचे. इकडं काकू त्यांच्यासाठी सोमवार धरायच्या. मी काकांचं नाक बसवलं, कपाळावर भस्माचे पट्टे ओढले, गालात हवा तेवढा निळा घातला. रागानं हात इतका मोकळा चालतो हे सरांनी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदाच माझ्या चित्रातलं माणूस जिवंत झालं.

दिवाळीच्या पाडव्याला दुकानात पानसुपारीला व्यापारी जमले, घरच्या बायकाही आल्या. मी चित्र गादीच्या मागं टांगलं आणि काकांची फजिती बघायला उभी राहिले.

काका जवळ गेले, चष्मा सारखा केला आणि चक्क खूश झाले. पत्त्यातल्या जोडीदाराला म्हणाले, "आरं, हे तर मीच हाय. नाक बघ बे, लई जमलंय." सगळे हसले. काकूही हसल्या, त्यांना पत्त्यांचं बहुधा आधीपासूनच ठाऊक होतं. मग काका बाबांकडं वळले. "एवढं येतंय तिला. आता औरंगाबादला जाऊन शिकायचं काय राहिलं?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. चेहऱ्याचा रंग अजून ओला होता. नव्या ओढणीचं टोक धरून मी चारचौघांदेखत काकांचं तोंड नाकाकपाळासकट पुसून काढलं.

"हे राहिलं शिकायचं," पुसलेल्या तोंडाकडं बोट दाखवत मी म्हटलं.

काका ओरडले, "काढा हिला घरातून. जाऊ द्या तिकडं औरंगाबादला. मला हिचं तोंड बघायचं न्हाई."

आडतीत चार व्यापाऱ्यांसमोर काढलेला शब्द मागं घेत नाहीत, मग तो मालाच्या भावाचा असो की रागाचा. संध्याकाळपर्यंत काकांचा राग उतरला, पण शब्द गिळता येईना. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं आनंदानं पाळलं.

जूनमध्ये माझी एसटी दुकानासमोरून गेली, तेव्हा काका गादीवर बसले होते. मी खिडकीतून मान वळवून त्यांना पोटभर पाहून घेतलं.