इथे माणूस नाही

ओठांवर बोट ठेवून ती म्हणायची, "इथे माणूस नाही." आम्ही चार धडधाकट माणसं समोर उभी असायचो, तरीही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलबाहेर जखमी रानजनावरं सांभाळणारी एक पत्र्याची शेड होती. मी बँकेतला कारकून, रविवारी तिथे फुकट राबायला जायचो. ती तेच करायला स्वखर्चाने हॉलंडहून आलेली. तिचं मराठी दहाबारा वाक्यांचं, त्यातलं हे दिवसातून वीसदा कानी पडायचं. जनावराला माणसाची सवय लागली की ते रानात टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपटा गावाच्या बाजूला वीटभट्टीपाशी भेकर जातीच्या हरणाचं पोरकं पिल्लू सापडलं. तिने गोणपाटाचा पडदा टांगला आणि भोकातून बाटलीने दूध पाजू लागली. आत जावंच लागलं तर डोक्यावरून पोतं घ्यायची. शेडवर चारा कापणारी, भट्टीपाशीच राहणारी बायजा हसून बेजार. "ही मडम हाय का बुजगावना? बोलल्याशिवाय पोर कदी मोठा झालाय?"

तुम्हाला वाटेल, बाई कोरडीच. मलाही वाटायचं. एकदा पिल्लू आईसाठी ओरडत होतं, तेव्हा ती पडद्याअलीकडे गुडघ्यांत डोकं घालून रडताना दिसली. पण हात आत गेला नाही.

माझा गेला. ती जेवायला गेली की मी तळहातावर गुळाचा खडा ठेवून हात पडद्याआड सरकवायचो. ती ओली, खरखरीत जीभ! दारात आलेल्या गाईलाही आपण घास देतोच की, एवढ्याशा गुळाने काय होतंय, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

तिचा व्हिसा संपत आला तेव्हा आम्ही पिल्लू रानात सोडलं. ते मागे न बघता पळालं. तिने टाळीसाठी हात उचलले आणि आवाज होईल म्हणून तसेच आवरले. दोन दिवसांनी ती गेली.

पंधरवड्याने बायजा माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "भेकर भट्टीवर आला व्हता. मी हात पुढं केला, त तलवा चाटाया लागला. कुतरी आली तरी पलाला नाय, माझ्याच पायाशी उभा." मग म्हणाली, "मडमनी त कदी हात लावला नाय. ही सवय कुठशी लागली?"

मी दुधाची बाटली धुवायला घेतली.

तिची पत्रं यायची. भेकर दिसतं का, हा प्रश्न ठरलेला. मी लिहायचो, कधीकधी दिसतं, लांबून. शेवटच्या पत्रात तिने कळवलं की आता ती दुसऱ्या एका देशात नव्या स्वयंसेवकांना शिकवते, आणि पहिल्याच दिवशी त्यांना आपल्या भेकराची गोष्ट सांगते. तिची शिकवण खरीच होती. खोटा मी. त्या पत्राला उत्तर लिहायचं धाडस झालं नाही, मग पत्रंही थांबली.

त्या शेवटच्या पत्रासोबत तिचा एक फोटो होता. तो अजून माझ्या कपाटात आहे. त्यात ती माझ्याकडे बघते आहे, ओठांवर बोट ठेवून.