सगळ्यांच्या प्याल्यात तुंडुपचे औषध

लडाखमधल्या नुब्राच्या खोऱ्यात, नदीकाठच्या गावात, यांगडोल रोज पहाटे देवघरातल्या सात वाट्यांत पाणी भरी आणि हात जोडून एकच मागणे मागे: यंदा तरी माझा माणूस फळे झोडपायला माझ्या शेजारी उभा राहू दे.

मागणे लहान, पण नऊ वर्षांचे! शरदात त्सेस्तालुलूची काटेरी झुडपे नारिंगी फळांनी लगडतात. थंडीने फळे घट्ट झाली की खाली चादर अंथरायची आणि काठीने फांद्या झोडपायच्या. धप्, धप्, धप्! फौजेतून परतलेल्या तिच्या नवऱ्याला, तुंडुपला, ती काठी वाटतच नसे. त्याच्या कानांत तोफा सुरू होत, अंगाला दरदरून घाम सुटे. शेळ्या घेऊन तो डोंगर चढे, तो हंगाम सरल्यावरच उतरे.

वसंतात थोरल्या भावाने त्याला लेहच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी शांतपणे सांगितले, "ही गोळी चुकवायची नाही. पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलायला येणंही चुकवायचं नाही. मुख्य औषध हेच. या कॅप्सुला नुसत्या जोडीला, तुमच्याच त्सेस्तालुलूच्या. भीती मुरली की शरीरालाही आतून गंज चढतो, त्याला थोडा उतार पडावा म्हणून. पण यावरचा अभ्यास अजून अपुरा आहे. कुणाला गुण येतो, कुणाला नाही."

"माझ्या शेळ्या जे फुकट खातात, ते मी डबीतून खायचं?" तुंडुप म्हणाला.

"म्हणूनच तुझ्या शेळ्या घाबरत नाहीत," भाऊ म्हणाला.

डबी घरी आली, आणि यांगडोलच्या हातून प्रेमाचीच चूक घडली. त्या घरात चांगली वस्तू एकट्याने खायची रीत नाही. पहिला घास देवाला, उरलेला सर्वांना! तिने कॅप्सुला फोडल्या, लोणी-मिठाच्या चहात घुसळल्या आणि तो नारिंगी चहा आल्यागेल्याला ओतला.

"अगं, हा चहा आहे की गोन्पाची, मठाची भिंत रंगवायचा रंग?" शेजारची आचे डोल्कर, म्हणजे डोल्करताई, प्याल्यात डोकावत म्हणाली.

"पी मुकाट्यानं. भीतीवर औषध आहे."

ऐंशीचे सासरे चुलीजवळून म्हणाले, "मला आयुष्यात एकाच माणसाची भीती होती, तुझ्या सासूची. तीही गेली. तरी ओत."

महिन्याची डबी आठ दिवसांत संपली. पुढच्या खेपेला यांगडोल नवऱ्याबरोबर गेली आणि खाली मान घालून सारे सांगून बसली. डॉक्टरीणबाई हसता हसता एकदम थबकल्या. "आणि ती गोळी? तीही घुसळलीत?"

"नाही, डॉक्टर-ले!" यांगडोल आदराचे 'ले' लावत म्हणाली, "ती कडू. कडू ज्याचं त्याला."

"नशीब माझं! औषध कुठलंच वाटायचं नाही, यांगडोल-ले. फळांचा रस हवा तेवढा वाटा. आणि यांचं कडू मात्र थोडं तुम्ही घ्या. मला सांगतात ते तुम्हाला सांगत नाहीत."

परतीच्या गाडीने खिंड ओलांडली. मग तुंडुपचा नऊ वर्षांचा बांध फुटला. तोफगोळ्याने नेलेल्या तंबूतल्या सोबत्याचे नाव त्याने पहिल्यांदा तिच्यापाशी घेतले. "आवाज मोठा असतो म्हणून नाही गं," तो म्हणाला. "केव्हा येईल ते कळत नाही, त्याची भीती." तिने त्याचा हात हाती घेतला, तो गाव येईपर्यंत सोडला नाही.

उन्हाळाभर गोळी चुकली नाही, लेहची खेप चुकली नाही. कॅप्सूल त्याची त्याने घेतली. झोप लागू लागली. कशाने किती, हे कोणी मोजले नाही.

आणि शरद आला. तुंडुप नदीकाठी चादरीचे टोक धरून उभा राहिला. चेहरा पांढरा, बोटे ताठ. यांगडोलने काठी उचलली आणि मोठ्याने म्हटले, "मारते हं!" मग धप्! तो दचकला, पण चादर सुटली नाही. "मारते हं!" पुन्हा धप्. पलीकडच्या झुडपापाशी आचे डोल्करने ऐकले, तीही ओरडली, "मारते हं, तुंडुप!" बघता बघता काठावरच्या साऱ्या बाया प्रत्येक घावाआधी हाक देऊ लागल्या. कोणी कोणाला शिकवले नव्हते. करुणा शिकवावी लागत नाही. ती एका कंठातून दुसऱ्या कंठात आपोआप उतरते.

तिसऱ्या दिवशी तुंडुपने बायकोच्या हातातली काठी घेतली.

"मारतो हं," तो म्हणाला.

नारिंगी फळे टपाटप चादरीवर पडली, आणि यांगडोल ती वेचायला वाकली.