चाचणीतली फाइल सिस्टम

काजू भाजल्याचा वास आला की कणकवलीतला तो फोटो स्टुडिओ आठवतो. खालीच काजूचा कारखाना होता. स्टुडिओच्या मालकांचा संगणक फार रखडायचा, म्हणून मी त्यात एक नवी फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली साठवायची नवी पद्धत, घातली. फोटो झटक्यात उघडू लागले. ती अजून चाचणीतच आहे, केव्हाही दगा देईल, हे मी त्यांना सांगितलं नाही. आठवड्याभरात वीज गेली आणि डिस्क कायमची बसली; त्यातले सगळे फोटो गेले. आरोंद्याच्या एक बाई वारलेल्या नवऱ्याचा फोटो मोठा करून न्यायला आल्या, तेव्हा मालक हात जोडून म्हणाले, "वयनी, चूक माझी. संगणक जुनो झालो, मी बदलूक नाय." "असांदे," म्हणून त्या जिना उतरल्या. मी खाली वाकून वायरी तपासत राहिलो. कुणाचा संगणक बिघडला, तर मालक आजही त्याला विश्वासाने माझ्याकडेच पाठवतात.