दाजीपूरच्या ओढ्यातलं गाऱ्हाणं

लष्कराने मोडीत काढलेली जीप मी घासाघीस करून घेतली आणि इंजिन स्वतःच्या हाताने उघडून नीट केलं. सुक्या मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहत मी त्या गाडीपर्यंत पोचलो होतो. ती पहिल्यांदा आमच्या कट्टा गावच्या बाजारात उभी केली, तेव्हा माझा थोरला भाऊ चारचौघांत हसला. "लष्करान टाकलेला भंगार माझ्या भावान उचललान!" त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मी विसरणाऱ्यातला नव्हे.

साठ सालानंतरची गोष्ट. शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांना दाजीपूरच्या रानात गवे बघायचे होते. परवानगी त्यांनी काढली, गाडी माझी. निघताना बघतो तर मागे भाऊ, तंबूसाठी आपल्या होडीचं शीड मांडीवर घेऊन बसलेला. मास्तरांचंच कारस्थान.

फोंडा घाट चढेपर्यंत आम्ही मास्तरांमार्फत भांडलो.

"मास्तरांनू, ह्येका सांगा, वळणार हळू घे."

"मास्तरांनू, त्येका सांगा, भंगारात बसाक कोणी बोलवूक नाय."

"मी हयच उतारतंय," मास्तर वैतागले. "तुमी दोघे आणि तुमची गाडी!"

संध्याकाळी शिडाखाली पेज आणि भाजलेला बांगडा जेवत होतो. समोर काळा, डोंगराएवढा गवा येऊन उभा राहिला. भावाने माझं मनगट घट्ट धरलं. गवा गेल्यावर सोडलं.

सकाळी ओढा ओलांडताना गाडी रुतली. दांडा ओढून पुढच्या चाकांनाही जोर दिला, तर चारही चाकं चिखल उडवत आणखी खाली गेली. मास्तर धनगरवाड्यावर माणसं आणायला निघाले. आता निरोप द्यायला कोणी उरलं नाही.

भावाने हातपाय धुतले आणि एका मोठ्या झाडाकडे तोंड करून गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे वडीलधारा देवाला सांगतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"बा देवा, ह्या रानाच्या राखणदारा! आम्ही दोघे भाव तुझ्या वाटेर अडाकलव, महाराजा."

"व्हय महाराजा," मी म्हणालो. रीतच ती.

"भर बाजारात मी ह्येच्या गाडयेक भंगार म्हटलंय. तां ह्येच्या मनाक लागला, महाराजा."

मी गप्प. त्याने एक डोळा उघडला. "व्हय म्हण रे!"

"बोललंस बाजारात आणि कबूल करतंस रानात? हय ऐकाक कोण आसा, गवे?"

"मगे काय व्हया तुका?"

"कट्ट्यात सांगूचा."

त्याने पुन्हा डोळे मिटले. "कट्ट्यातय सांगीन, महाराजा."

"व्हय महाराजा!" मी इतक्या जोरात ओरडलो की झाडावरची वानरं पळाली.

मग त्याने शीड सोडून आणलं आणि न विचारता माझ्या चाकांखाली चिखलात पसरलं. त्या शिडावर त्याचं घर चालत होतं. चाकांनी ते फाडलं, पण पकड मिळाली. माणसं घेऊन मास्तर परत आले तेव्हा गाडी काठावर होती.

परतताना भाऊ पुढे बसला. कट्ट्याला मी मुद्दाम भर बाजारात गाडी थांबवली. जमलेल्या लोकांना तो म्हणाला, "गाडी बरी आसा. चलवणारो तापट."

ठरलं होतं ते हे नव्हे. मी तसं त्याला तिथेच सुनावलं, आणि घर येईपर्यंत आम्ही भांडत होतो. मास्तर मागे झोपले होते.