चिंचोक्याची खळ

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. बायकोपुढंसुद्धा नाही — खरं तर तिच्यापुढंच काढायला हवं होतं. आता ती नाही, म्हणून तुमच्यापुढं बोलतोय. बोलून हलकं वाटेल असंही नाही हो. थकलोय, एवढंच.

मी शहापूरचा विणकर. जर्मनांशी पहिली लढाई चालू होती तेव्हा परदेशातून येणारा रंग बंद झाला, सूत महाग झालं, आणि आमचा माग बरेच दिवस नुसता बसून राहिला. रिकामा माणूस काय करणार? मी लाकडात हात घालायला लागलो. एक पाट केला. देवघराला दार केलं. चार लोक म्हणाले, जमलंय की तुला — आणि मी शेफारलो. माग परत थोडाफार चालू झाला, त्यात धाकटी बहीण गंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, पाळणा मी करणार, आणि एक खिळा वापरणार नाही. बाळाला टोचायला नको.

गल्लीतला सुतार ते ऐकून हसला. म्हणाला, तळाच्या फळ्या कडेला कड लावून जोडायच्या तर सरस पाहिजे, आणि शिकंज्यात आवळून ठेवायला पाहिजे; दोन्ही माझ्याकडनं घेऊन जा. वाईट बोलला का तो? मुळीच नाही. पण हसला, तेच मला झोंबलं. विणकरानं आपला माग बघावा, असं त्याच्या मनात आहे असं मला वाटलं. त्याच्या दारात परत जायचं नाही, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

शिवाय सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा, गरम करून लावायचा. आमच्या आईनं तो चुलीवर चढवू दिला नसता. मग मला वाटलं — आपल्या घरात खळ आहे की! ताण्याच्या उभ्या सुताला लावायची चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून ती शिजवली की सूत कसं ताठ होतं ते जन्मभर बघितलेलं. सुताला धरते, ती लाकडाला का नाही धरणार? आता सांगताना हसू येतं. हसूही नीट येत नाही.

खळ शिजवायची आमची ही. शेवंता तिचं नाव — घेत नव्हतो तेव्हा, आता घेतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात कुणी तोंडावर बोलायचं नाही, पण बोलायची गरज तरी कुठं असते? मी भांडं उचलून न्यायला लागलो तेव्हा तिनं अडवलं. म्हणाली, पावसात ही खळ सुटते, सूतसुद्धा चिकट लागतं, बाळाच्या पाळण्याला नको. खरं तेच बोलली. मी म्हणालो, बरं, सुताराकडनं सरस आणतो आणि परसात गरम करतो, आईला कळू देऊ नकोस. तिला केवढं बरं वाटलं! आमच्या दोघांतलंच एक गुपित झालं ते.

आणि मी सरस आणलाच नाही.

परसातल्या छपराखाली बसून फळ्यांच्या कडांना खळच लावली. शिकंजे नव्हते, म्हणून मागाच्या जाड दोऱ्या फळ्यांभोवती गुंडाळल्या, त्यात काठ्या घालून पीळ भरला, बाजूंनी पाचरी ठोकल्या. सांध्यातनं खळ थेंबाथेंबानं बाहेर आली. ती पुसून घेतली आणि मला वाटलं, याहून पक्कं काय असणार? बाहेर पाऊस. हवा अशी की वाळत घातलेलं धोतर वाळेना. तरी दुसऱ्या दिवशीच मी पीळ सोडला — गंगूच्या सासरची माणसं यायची होती, त्यांना पाळणा दाखवायचा होता ना! रंधा मारला, तेल चोळलं. सांधा दिसत नव्हता. माझी छाती फुगली.

बारसं झालं. मुलगी. बायका पाळण्याभोवती जमल्या, गाणी झाली. शेवंता आत घुगऱ्या शिजवत होती. पाळण्याला हात लावायला तिला कुणी बोलावलं नाही. मी बोलावू शकलो असतो का? शकलो असतो. मी पाहुण्यांना पाळणा कसा केला ते सांगत होतो.

पुढं काही दिवसांनी, पाऊस चालूच होता, गंगू न्हाणीत होती आणि पोर रडायला लागली. गंगूनंच आतनं हाक मारली, वहिनी, जरा झोका दे गं. शेवंतानं झोका दिला. मी मागावर होतो, मला ऐकू येत होतं — ती हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. इतकी खूश ती मला कधी ऐकू आली नव्हती. आणि मग फळ्या पडल्याचा आवाज. पोर खाली.

मी धावलो. आता हे ऐका, कारण हेच सगळ्यात वाईट आहे — मी आधी पोरीकडं बघितलं नाही. फळ्यांकडं बघितलं. कडा स्वच्छ सुटल्या होत्या, खळ ओली, बुळबुळीत. शेवंतानं पोरीला उचललं, गंगू ओल्या अंगानं धावत आली, आई ओरडत होती. आणि मी फळ्या गोळा करून न्हाणीतल्या चुलीत सारल्या. सगळ्यांना वाटलं, रागानं जाळल्या.

पोर वाचली. डावा हात कोपरात मोडला, हाड बसवणाऱ्यानं बसवला, पण तो पुढं कधी सरळ झाला नाही. आई म्हणाली, "हिला पाळण्याला हात लावू देऊ नका म्हणून मी सांगत हुते."

संध्याकाळी शेवंतानं मला परसात गाठलं. मला एवढंच विचारलं —

"सरस लावला हुता न्हवं तुम्ही?"

"लावला हुता."

तिनं मान हलवली. मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले, आणि आत गेली. तिला काय कळलं असेल ते तुम्हालाही कळलं असेल. सरस होता, तर सांधा सुटायचं कारण नाही. मग सुटला कशानं?

त्यानंतर तिनं कुणाचं मूल घेतलं नाही. शेजारची पोरं खेळायला आली तर गूळ-शेंगा उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायची; हातात द्यायची नाही. आई होती तोवर मी म्हणायचो, आईच्या माघारी सांगू. आई गेली. मग म्हणायचो, आता कशाला जुनं उकरायचं? माणसाला काय हो, कारणं मिळतातच.

गंगूची ती मुलगी मोठी झाली, निपाणीला दिली. मागच्या पावसाळ्यात आपलं बाळ घेऊन आली आणि सरळ मामीपुढं उभी राहिली. म्हणाली, "मामी, घे की गं याला. माझं काय वाईट झालंय? बघ की." वाकडा हात पुढं करून हसली. शेवंतानं दोन्ही हात पाठीमागं नेले. पण जागची हलली नाही. तिला बाळ घ्यायचं होतं हो — मला स्पष्ट दिसत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. घरातला कर्ता माणूस काय म्हणतो, ते बघत होती. मी एक शब्द बोललो असतो तर तिनं त्याला घेतलं असतं.

मी म्हणालो, "असू दे गं. मामीचे हात दुखत्यात."

मुलगी बाळाला घेऊन बाजूला झाली. थंडीत शेवंता गेली. तिच्या हातांत वाईट काही नव्हतं. हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी तिला सांगितलं नाही.