उरलेले दोन पक्षी

दुकानाच्या दारात सॅनिटायझर हाताला लावला की त्या वासाने परदेशातल्या, टार्निटच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. लॉकडाऊन होतं, बायको हॉस्पिटलात, आणि आम्हाला भेटायला बंदी. नात बासरी वाजवते, आपली बांबूची नव्हे, चांदीसारखी विलायती. कोण्या इटालियनाने शंभरेक वर्षांपूर्वी रचलेलं संगीत ती आजीसाठी महिनाभर घोटत होती. त्याचे पाच भाग, पहिला सोडला तर प्रत्येकात एक पक्षी. नर्सने फोन बायकोच्या उशाशी ठेवला, इकडे मी धरला, आणि लॅपटॉपवर बाकीची वाद्यं लावून नात वाजवू लागली. कोंबडीचा भाग आला तशी बायको मास्कमधून म्हणाली, "अहो, ही तर तुमच्या बहिणीसारखी कलकलते." किती दिवसांनी हसली. मग नातीने बासरी मांडीवर ठेवली आणि पाणी प्यायली. मला वाटलं, झालं. "दमलीस, झोप आता," बायकोला म्हणालो आणि फोन बंद केला. नात बघतच राहिली. "आजोबा, इट्स नॉट फिनिश्ड. अजून दोन बर्ड्स आहेत. शेवटची कोकिळा, ती आजीला ऐकायची होती." परत फोन लावला तर कोणी उचलेना. संध्याकाळी कळलं, तिला आयसीयूत नेलंय. तिथून ती परत आली नाही. नात मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आता तिच्या कार्यक्रमाला सगळे टाळ्या वाजवून उठतात, दिवे लागतात, तरी मी खुर्चीतच बसून असतो.