वाघमारे सरांचा संध्याकाळचा तास

शिपाई वर्गाच्या दाराशी आला, तेव्हा मी फळ्यावर तारीख लिहीत होते. "बाई, वाघमारे सर गेले," एवढेच तो म्हणाला. "कुठे?" मी विचारले... आदल्या संध्याकाळी गणित शिकवून घरी परतलेला माणूस एवढ्यात कुठे जाणार होता?

महिना उलटला, तरी तो प्रश्न मनातून हटत नाही. लेखनाचा मला सराव नाही. सरांविषयी लिहिण्याचा अधिकारही इतरांना अधिक आहे.

येरमाळ्याजवळच्या हायस्कुलात मी रुजू झाले, ते वर्ष दुष्काळाचे. वरच्या वर्गांतील निम्मी मुले दिवसभर सरकारी कामावर खडी फोडत. सरांनी त्यांच्यासाठी संध्याकाळी एक तास सुरू केला आणि आपला सारा दिवस त्या तासाभोवती बांधला. टिपणे सकाळीच काढायची, वह्या मधल्या सुट्टीत तपासायच्या आणि तासाच्या आड येईल त्या कामाला सरळ नकार द्यायचा. मी मात्र कुणी काही सोपवले की मान डोलवत असे. "बाई," ते एकदा म्हणाले, "तुमचं 'बरं' लई स्वस्त झालंय. जरा भाव वाढवा."

एकदा ऐन तासाला साखर कारखान्याचा माणूस आला. "सर, चेअरमन सायबांचं भाषण लिवायचंय. जीप आणलीय."

"सायबांना सांगा, भाषण नसलं तर लोक खूश होतील. गणित नसलं तर ही पोरं जन्मभर खडी फोडतील."

मुले खदखदून हसली. जीप रिकामीच परतली.

पुढे छातीत कळ येऊ लागली, तेव्हाही सरांनी तोच नियम स्वतःला लावला. सोलापूरला डॉक्टरांना दाखवायचे म्हणजे सबंध दिवस मोडणार, तास बुडणार. "परीक्षा होऊ द्या, मग बघू," असे ते म्हणत. परीक्षेआधीच ते गेले... इतक्या नेटक्या माणसाचे असे व्हावे, हे मला अजून उमगत नाही.

परवा सरांच्या घरी जाऊन वहिनींना भेटले. दारामागच्या खुंटीवर भरलेली पिशवी होती. धुऊन घडी घातलेला टॉवेल वरच दिसत होता.

"सोलापूरला न्यायची," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी म्हणायचे, चला. ते म्हणायचे, आज न्हाय."

मी पिशवी उतरवायला हात पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

"साऱ्या गावाला न्हाय म्हणायचे, तवा मलाच लई अभिमान वाटायचा, बाई..."